तक्रार ऐकणारा उपदेशक



श्रद्धेविषयी कोणी अडचणीचा प्रश्न विचारला की आपण बहुधा त्याला गप्प करतो. घरात मुलांना दटावतो, मोठ्यांना ‘विश्वास ठेवा’ म्हणतो. उपदेश करणाऱ्याने आधी बोलावे की ऐकावे?

फादर थॉमस स्टीफन्स १५४९ मध्ये इंग्लंडात जन्मले आणि १५७९ मध्ये गोव्यात आले. येशूसंघाचे हे धर्मगुरू १६१९ मध्ये देवाघरी जाईपर्यंत तिकडेच, बहुतेक काळ साष्टीत, राहिले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’, सुमारे ११,००० मराठी ओव्यांचे, १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. एवढे आपण ऐकलेले असते. ते का लिहिले हे फारसे कोणी सांगत नाही.

ती हकीकत फादरांनी ग्रंथाच्या आरंभीच दिली आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक जण त्यांना विचारतो: आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला तसेच काही का देत नाही? धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे पाठ करून त्याचे मन भरत नव्हते. ओवी ऐकत वाढलेला माणूस तो!

ही तक्रार खरी होती. पोर्तुगीज सत्तेने १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली होती, पोथ्यांवर बंदी आणली होती. फादरांनी त्या माणसाला दटावले नाही. त्याचा प्रश्न लिहून ठेवला आणि त्याच्याच ओवीत उत्तर दिले.

म्हणून झालेला अन्याय धुऊन निघाला का? मला तसे वाटत नाही. ज्यांच्या पोथ्या गेल्या, त्यांना त्या परत मिळाल्या नाहीत, आणि फादर त्याच सत्तेच्या छायेत काम करीत होते. त्यांचा चांगुलपणा सांगताना हे झाकू नये. पण ऐकून घेण्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. परकी भाषा त्यांनी मुळापासून शिकून घेतली. त्यांचे कोकणी व्याकरण १६४० मध्ये, त्यांच्या पश्चात, छापले गेले. देवनागरी खिळे पाडून मिळावेत म्हणून १६०८ मध्ये त्यांनी रोमला लिहिले होते. ते मिळाले नाहीत. मराठी ओव्या रोमन लिपीत छापाव्या लागल्या.

पुढे १६८४ मध्ये सरकारने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडावी. लोकांनी ती सोडली नाही. पुराणाच्या प्रती ते हाताने उतरवून घेत राहिले, आणि १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापले गेले ते या हस्तलिखितांवरूनच.