लक्ष देणे आणि लक्ष लागणे

आपल्या मराठीत 'लक्ष' या शब्दाला दोन क्रियापदे जोडली जातात. शिक्षक म्हणतात, "लक्ष दे." विद्यार्थी उत्तरतो, "सर, लक्ष लागत नाही." पहिल्या प्रयोगात लक्ष ही खिशातल्या नाण्यासारखी वस्तू आहे, ज्याच्यापाशी आहे त्याने ती द्यायची, न देणारा तो कृपण किंवा उद्धट. दुसऱ्या प्रयोगात देणाराच नाही. झोप लागावी, भूक लागावी, तसे लक्ष लागते किंवा लागत नाही. तीस वर्षे शिक्षकी केल्यावर आम्हांस कबूल केले पाहिजे, की आम्ही पहिलेच क्रियापद खरे धरून चाललो आणि दुसरे कानी पडले की त्यास सबब समजलो.

हे मनात येण्यास निमित्त झाला आमचा एक जुना विद्यार्थी. गेल्या पावसाळ्यात तो आमच्या ओटीवर येऊन बसला. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलास मनोविकारतज्ज्ञांनी अवधानाची न्यूनता व अतिचंचलता असल्याचे सांगून मेथिलफेनिडेटची गोळी लिहून दिली होती. हे द्रव्य १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत आहे, असे कोणीतरी सांगितल्यामुळे तो धास्तावला होता. "सर, देऊ का?" एवढाच त्याचा प्रश्न.

अशा उत्तेजक औषधांचा मुलांवरील उपयोग योगायोगाने कळला. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात १९३१ साली मानसिक व्यथा असलेल्या मुलांसाठी एक रुग्णालय उघडले. एमा ब्रॅडली ही बालिका मेंदूच्या दाहाने पंगू झाली होती. तिच्या मातापित्यांच्या मृत्युपत्रान्वये तिच्याच नावाने ते उभे राहिले. तेथे मुलांच्या कण्यातील द्रव काढून, हवा भरून, मेंदूची क्ष-किरण छायाचित्रे घेत. त्यानंतर मुलांचे डोके भयंकर दुखे. त्यावर उतारा म्हणून डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी बेंझेड्रीन, म्हणजे ॲम्फेटामीन, देऊन पाहिले. डोकेदुखी फारशी हटली नाही. पण शिक्षकांच्या ध्यानात आले, की काही मुले एकाएकी अभ्यासाला बसू लागली आहेत. १९३७ साली ब्रॅडली यांनी ३० मुलांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी १४ जणांच्या शालेय कामात विलक्षण सुधारणा दिसली होती. मुलेच त्यांना 'गणिताच्या गोळ्या' म्हणू लागली. परिणाम पहिल्याच दिवशी दिसे, आणि औषध थांबवले की त्याच दिवशी ओसरे.

हे शेवटचे वाक्य आम्हांस अस्वस्थ करते. गोळीसरशी येणारा आणि गोळीसरशी जाणारा उद्योगीपणा हा कोणाचा गुण? त्या मुलाची पाठ थोपटावी की औषधाची? चष्म्याची उपमा पुष्कळजण देतात, पण ती अर्धीच लागू पडते. चष्मा अक्षरे स्पष्ट करतो, वाचण्याची इच्छा बदलत नाही. हे औषध मेंदूतील डोपामिन व नॉरॲड्रेनलीन या द्रव्यांचा प्रभाव वाढवून कंटाळवाणे काम थोडे करण्याजोगे वाटावयास लावते. म्हणजे त्याचा हात इच्छेपर्यंत पोचतो. परंतु ज्याच्या इच्छेला कशाचाच हात लागलेला नाही, असा कोण आहे? परीक्षेच्या रात्री आमची आई दोनदा कडक चहा करून देई. आमच्या गुणपत्रिकेतून चहाचे गुण कोणी वजा केले नाहीत. पोटभर जेवण, शांत घर, मायेचा शिक्षक हेही इच्छेच्या आत शिरूनच काम करतात. ती वाटणी गुपचूप होते एवढेच.

गोळी घेणे हे अधर्म्य नाही, असे आम्हांस वाटते ते यामुळे. खरी शंका निराळीच आहे: गोळी कोणाच्या सोयीसाठी? साठ मुलांच्या वर्गात एक मूल गप्प झाले, की शिक्षकाला हायसे वाटते. ते हायसे वाटणे आणि मुलाचे भले या एकच गोष्टी नव्हेत. अमेरिकेत ५७९ मुलांवर १४ महिने चाललेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ साली आले. काटेकोर देखरेखीखाली औषध घेणाऱ्या मुलांचे अवधान, केवळ वर्तनोपचार मिळालेल्या मुलांपेक्षा, अधिक सुधारले होते; पण २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांनंतरच्या पाहणीत हा फरक उरला नव्हता. औषध अवसर मिळवून देते. त्या अवसरात मुलाजवळ बसायचे काम उरतेच.

हे सारे आम्ही त्याला आमच्या परीने सांगितले. तो ऐकत होता, मग मध्येच म्हणाला, "सर, डॉक्टर मुलाविषयी विचारत होते आणि मी मनात माझीच उत्तरं देत होतो. मग माझं काय?"

आम्ही निरुत्तर झालो. सहावीच्या वर्षात त्याला आम्ही किती तास वर्गाबाहेर उभे केले, याची मोजदाद नाही. दर महिन्याच्या पापनिवेदनात तो "मिस्सेत लक्ष नव्हते" हे पहिले पाप म्हणून सांगे, असेही त्याने त्या दिवशी सांगितले. पूर्ण जाणीव व पूर्ण संमती असल्यावाचून भारी पाप घडत नाही, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात त्याला शिकवले होते आम्हीच. पण आमच्या छडीने संमतीची चौकशी कधी केली नाही. हा आजार पुष्कळदा आईबापांकडून मुलांत उतरतो, हे आम्हांस फार उशिरा कळले. त्याची क्षमा मागावी असे वाटले. शब्द जुळले नाहीत, तेव्हा आत जाऊन आणखी एक चहा सांगितला.

मुलाला आता गोळी सुरू झाली आहे. गणिताची वही पुरी होते. डबा मात्र निम्मा परत येऊ लागला, म्हणून डॉक्टरांनी मात्रा उतरवली आणि दर भेटीस वजन व उंची नोंदवतात. स्वतःविषयी त्याने अद्याप कोणास विचारलेले नाही. निघताना पायरीवर थांबून तो हसत म्हणाला, "सर, तुम्ही मला बाहेर काढायचात ना, तिथून बावखल दिसायचं. त्या वर्षी तिथे खंड्याची जोडी होती. कुठल्या फांदीवर बसायची तेही सांगतो." आणि त्याने ते सांगितले.