उजव्या पायाचं काम

कोल्हापूर

चि. मनू,


उभ्यानं व्हीली शिकायची आहे हे तू कुणापासून लपवून न ठेवता मला सरळ विचारलंस, याचं फार समाधान वाटलं. तुझ्या आईला काळजी वाटणारच आणि ती तिनं करावीच, पण मी उभी हयात दुचाक्यांच्या गॅरेजात काढली आहे, त्यामुळे "नको" एवढं म्हणून गप्प बसणं मला जमत नाही. हे तू चारचौघांत मिरवायला करणार नाहीस आणि रस्त्यावर तर नाहीच नाही, हे मी धरूनच चालतो. तुला वाढताना पाहिलंय मी. काळजी आहे ती फक्त घाईची. घाई कधी शिरते ते भल्या भल्या शहाण्या माणसालाही कळत नाही, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे. चहा घेऊन बस आणि सावकाश वाच.

पुढचं चाक वर कसं न्यायचं हे सगळे विचारतात, तूही तेच विचारलंस. मी मात्र आधी ते खाली कसं आणायचं ते सांगणार आहे. गाडी वर जाते तुझ्या हातानं आणि खाली येते तुझ्या उजव्या पायानं, मागच्या ब्रेकवर असलेल्या त्या पायाच्या चवड्यानं. हाताला लवकर येतं, पायाला उशिरा येतं, आणि या दोघांमधलं जे अंतर आहे त्यातच पोरं पडतात.

असं का होतं ते नीट समजून घे, म्हणजे माझं म्हणणं नुसतं म्हाताऱ्याचं सांगणं राहणार नाही. मागचं चाक गाडीला पुढे ढकलतं ते जमिनीपाशी, आणि तुझं नि गाडीचं मिळून जे वजन आहे ते असतं बरंच वर. म्हणून झटक्यानं रेस मिळाली की वजन मागे राहतं आणि पुढचं चाक उचललं जातं. आता चाक वीतभरच उचललेलं असेल तर ते तसंच वर ठेवायला वेग सारखा वाढवत राहावा लागतो. पण चाक जसजसं वर जातं तसतसं सगळं वजन मागच्या एक्सलच्या वर येऊ लागतं आणि रेस कमी कमी लागत जाते. तोलाच्या जागी तर वेग वाढवावाच लागत नाही, गाडी एका चालीनं जात राहते. म्हणजे बुटकी व्हीली पळत सुटते आणि उंच व्हीली शांत असते! नवशिक्याला वाटतं की बुटक्या व्हीलीत धोका नाही, मग वेग वाढत जातो, मैदान संपत येतं, घाबरून मूठ एकदम सुटते आणि चाक धाडकन आदळतं. आणि जो तोलाच्या पलीकडे गेला त्याची गाडी पाठीवर उलटते; तिथे नुसती मूठ सोडून भागेल याचा भरवसा नसतो. मागचा ब्रेक मात्र दोन्हीकडे कामाला येतो, कारण मागचं चाक मंदावलं की गाडीचं अंग पुढे झेपावतं आणि पुढचं चाक खाली येतं.

म्हणून, माझ्या पोरी, पहिले कितीतरी दिवस चाक उचलूच नकोस. डावा पाय मागच्या, म्हणजे पाठीमागे बसणाऱ्याच्या फूटरेस्टवर, उजवा पाय आपल्या नेहमीच्या फूटरेस्टवर आणि त्याचा चवडा ब्रेकवर नुसता टेकलेला, गुडघे सैल, कंबर टाकीच्या जरा मागे, नजर लांब. अशी उभी राहून पहिल्या गिअरमध्ये सरळ रेषेत गाडी चालव. मूठ एकाच जागी धरून ब्रेक हलकेच दाब, गाडी मंदावू दे, पुन्हा सोड. चाक लॉक न होता किती दाबलं की किती मंदावते हे त्या चवड्याला आपोआप कळायला लागलं पाहिजे, तू मनात विचार करायच्या आत. आपल्या तालमीत नव्या पोराला वस्ताद डाव देत नाहीत, महिनेन् महिने जोर-बैठका काढून घेतात आणि मातीत पडायला शिकवतात, तसंच हे आहे. (बैठका तूही काढ, हे अक्षरशः म्हणतोय. उभ्या व्हीलीत सगळा भार मांड्यांवर असतो, आणि मांड्या थकल्या की माणूस हँडलला लोंबकळतो.)

मग एक दिवस वीतभर उचल. तुझी आर१५ दीडशेच्या आसपास सीसीची, नुसत्या मुठीनं ती उचलली जाणार नाही, क्लच लागेल. सावकाश चालत्या गाडीवर गुडघ्यांनी शॉकअप किंचित दाब, ते परत वर येत असताना दोन बोटांनी क्लच जरासा ओढून रेस चढव आणि क्लच सोड. चाक सुटेल. सुटलं की लगेच पायानं खाली घे, ते आपणहून खाली येणार असलं तरी पायानंच घे. प्रत्येक वेळी, न चुकता! टेकताना हँडल सरळ हवं आणि मूठ पूर्ण बंद नको, थोडी रेस चालू ठेवली की चाक अलगद बसतं. वीतभरावरून हातभरावर कधी जायचं, हे मी तारीख घालून सांगणार नाही. पाय न विचारता आपलं काम करायला लागला की तुझं तुलाच समजेल.

तुझ्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर सरावापुरतं बंद कर. दोन्ही चाकांचा वेग ताडून ते काम करतं. पुढचं चाक हवेत मंदावलं की त्याला वाटतं मागचं घसरतंय, आणि ते ऐन वेळी ताकद तोडतं. परत निघताना आठवणीनं चालू कर.

जागेचंही मी बघून ठेवलं आहे. साखर कारखान्याचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाला संपतो, मग ऊसगाड्यांचा तळ पावसाळा सरेपर्यंत रिकामा पडलेला असतो. लांबलचक, सपाट, काँक्रीटचा. रीतसर लेखी परवानगी मागू, मीही तुझ्याबरोबर येईन. तिथे एक गोष्ट कर, आधी खराटा घेऊन तुझी पट्टी स्वतः झाडून काढ. वाळलेल्या पाचटाचे तुकडे, मळीचे वाळलेले डाग, ट्रॉलीतून गळलेला एखादा नट, हे उभ्यानं गाडीवरून दिसत नाही, झाडताना दिसतं. आणि झाडताझाडता जमीन पाठ होते, कुठे उतार आहे, कुठे सांधा उचललेला आहे. रस्त्याचं मी बोलत नाही. मोटार वाहन कायद्याचं १८४ कलम आहे, तुरुंग, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, पण तुला त्यासाठी कायदा सांगावा लागणार नाही. पहाटे दूध घालायला निघालेला माणूस तुला माझ्याइतकाच जवळचा वाटतो हे मला ठाऊक आहे.

पहाटेच जा. लवकर उठायची तुझी सवय आजीकडून आलीय, ती इथे उपयोगी पडेल. सकाळी वारा पडलेला असतो, डोकं निवांत असतं, आणि बघे नसतात. बघ्यांमुळे घाई होते, हे मी फार वेळा पाहिलंय. फक्त दव असेल तर काँक्रीट वाळेपर्यंत थांब, टायर थोडे गरम होऊ देत. मनगट भरून आलं किंवा पाय उशिरा पडतोय असं वाटलं की त्याच क्षणी बंद कर, मग आठच का वाजलेले असेनात. "आता शेवटची एक" असं म्हणून कधी उचलू नकोस, बाळ. एकटीही जाऊ नकोस. कुणीतरी बाजूला उभं असू दे, पण तुझ्या रेषेत पुढे नको आणि मागेही नको.

आता पैशाचं. नोकरी लागल्यापासून तू वही ठेवतेस हे मला आवडतं, त्या वहीत या छंदाला एक वेगळं पान दे. हा खेळ गाडी खातो. क्लचप्लेटा झिजतात, मागचा टायर मधोमध सपाट होतो, चेन-स्प्रॉकेट झिजतं, पुढच्या शॉकअपची ऑईल सील फुटतात आणि हँडलचा कोनसेट ठोके खाऊन खाऊन जागोजागी अडकायला लागतो. गॅरेजात पुढचं चाक उचलून धरायचं आणि हँडल एका बोटानं डावीकडून उजवीकडे न्यायचं. मध्यावर येताच ते खट्टकन बसलं की समजायचं, ही गाडी आदळलेली आहे. सबुरीनं शिकणाऱ्या पोराच्या गाडीला हे फार उशिरा होतं, घाईच्या पोराच्या गाडीला एका महिन्यात. त्यामुळे संयम हाच इथला सगळ्यात मोठा काटकसरीचा मार्ग आहे, हे मी तुला हिशेब मांडून दाखवू शकतो.

काटकसर कुठे करायची तेही ऐक. फेअरिंग सरावाआधी उतरवून ठेव, ते प्लॅस्टिक महाग असतं. मागचं मोठं स्प्रॉकेट, वेगळा सायलेंसर, हे सध्या काही नको. हेल्मेटवर, हातमोज्यांवर, पाठीच्या आणि गुडघ्यांच्या पॅडवर, घोटा झाकणाऱ्या बुटांवर मात्र एक रुपयाही वाचवू नकोस. हेल्मेट तोंड झाकणारं, आयएसआयची खूण असलेलं. आणि एकदा जोरात आपटलं की वरून कितीही धड दिसो, बदलायचं. मनगटाला दोरी बांधून इंजिन बंद करणारा किल-स्विच मिळतो, तो मी बसवून देईन. इंजिन ऑईलची पातळी रोज बघत जा, कारण गाडी उभी झाली की ऑईल मागच्या बाजूला जातं आणि आधीच कमी असेल तर पंपाला मिळत नाही.

पडशीलही कधीतरी. पाठीमागे चाललीय असं वाटलं आणि पाय चुकला, तर गाडी सोडून दे, हँडल धरून राहू नकोस. डावा पाय मागे असतो तो याचसाठीही उपयोगी, उतरून धावता येतं. गाडीचं काय व्हायचं ते होऊ दे. ती दुरुस्त करायला मी आहे.

ताकदवान गाडी हवी म्हणून तू उगाच उतावीळ होऊ नयेस, म्हणून एक सांगतो. जपानचे यासुयुकी कुदो यांनी १९९१ साली त्सुकुबाच्या चाचणी-मार्गावर न थांबता ३३१ किलोमीटर व्हीली केली. इथून निघून पुणं, लोणावळा मागे टाकून बोरघाट उतरण्याइतकं अंतर, एका चाकावर! गाडी होती होंडाची टीएलएम २२० आर, ट्रायल्सची, म्हणजे दगडधोंड्यांवरून पाय न टेकता हळूहळू जायच्या खेळाची हलकी गाडी. जर्मनीचा ख्रिस फायफर, ज्याला मोटारसायकलवरच्या कसरतींत सारं जग मानायचं, तोही आधी ट्रायल्सचाच खेळाडू. संथ गाडीवर तोल शिकलेली ही माणसं. मला त्यांच्या विक्रमापेक्षा त्यामागची ती वर्षं मोठी वाटतात, ज्यांचं कुणी चित्रीकरण केलं नाही.

शनिवारी येशील तेव्हा गाडी सरळ माझ्याकडे घे. कोनसेट तपासू, चेनचा ताण बघू, मागच्या ब्रेकचे पॅड आणि पेडलची उंची तुझ्या बुटाप्रमाणे लावू. उभी राहिल्यावर चवडा सहज टेकला पाहिजे, घोटा वाकवून नव्हे. त्यासाठी बूट घालूनच ये. क्लचची एक जादा केबल बाजारातून आणून ठेवतो. आणि आईला सांग की पहिल्या दिवशी ती आपल्याबरोबर मैदानावर येतेय, थर्मासमधून चहा आणायचं काम तिचं.

तुझे,
आजोबा