नसलेले तळघर

अद्भुतरम्य व्हिडिओ गेममधले जग कल्पित असते, त्यातली क्रूरता मात्र बहुधा कल्पित नसते. एल्फ, बुटके आणि जादूगार यांच्या कथेत तटबंदीआड कोंडलेली वस्ती, चौकात पेटलेली चिता, घरातून फरफटत काढलेली कुटुंबे दिसू लागली की त्यांवर खऱ्या इतिहासाची सावली पडते. ही सावली पडू द्यावी का, हा या संवादाचा विषय. जुन्या वादपद्धतीप्रमाणे यात पूर्वपक्ष आक्षेप घेतो, उत्तरपक्ष त्यांना सामोरा जातो आणि शेवटी सिद्धान्त मांडला जातो.

चर्चेचे उदाहरण पोलंडमधले आहे. सीडी प्रोजेक्ट रेड या पोलिश कंपनीच्या ‘द विचर ३’ (२०१५) या गेममध्ये नोविग्राड नावाचे मोठे शहर आहे. तिथे अग्निपूजक पंथाची सत्ता चालते आणि भर चौकात माणसे जिवंत जाळली जातात. आधी पाळी जादूगारांची येते. ते शहरातून निसटले की पंथाचे शिकारी एल्फ आणि बुटक्यांकडे वळतात. गेम कोणत्याही खऱ्या घटनेचे नाव घेत नाही. परंतु मूळ कादंबऱ्यांचे लेखक आंद्झेय साप्कोव्स्की यांचा जन्म १९४८ साली वूच शहरात झाला. त्याच शहरातला ज्यूंचा घेटो, म्हणजे त्यांना कोंडून ठेवलेला भाग, नाझींनी १९४४ मध्ये रिकामा केला होता आणि तिथल्या माणसांना मृत्युछावण्यांत पाठवले होते. साप्कोव्स्की यांच्या कादंबरीमालेचा १९९९ मधला खंड एका पोग्रोमपाशी येऊन ठेपतो. पोग्रोम म्हणजे जमावाने एखाद्या समाजावर तुटून पडून केलेली कत्तल.

पूर्वपक्ष : मेलेल्यांची संमती कोणी घेतली? गेम हा विरंगुळा आहे. जमावाला हरवले की गुण मिळतात, प्रेतांच्या खिशातली नाणी गोळा करता येतात, कंटाळा आला की गेम सेव्ह करून जेवायला उठता येते. कुणाच्या आजीचे मरण अशा ठिकाणी सजावट म्हणून टांगणे हा त्या मरणाचा अपमान आहे.

उत्तरपक्ष : कादंबरी मिटूनही माणूस जेवायला उठतोच. कॉमिक्सलाही एकेकाळी पोरखेळ समजत. आर्ट स्पीगलमन यांनी ‘माउस’मध्ये ज्यूंना उंदीर आणि नाझींना मांजरे दाखवून आपल्या वडिलांची छावणीची कहाणी सांगितली. त्या पुस्तकाला १९९२ मध्ये पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला. माध्यम हलके मानले गेले म्हणून विषय हलका होत नाही.

पूर्वपक्ष : तिथे वाचक पाहतो, इथे खेळाडू स्वतः करतो. हा फरक कसा विसरायचा?

उत्तरपक्ष : तो विसरायचा नाही, त्याचाच उपयोग करायचा. ब्रेंडा रोमेरो यांचा ‘ट्रेन’ (२००९) हा पटावरचा खेळ याचा पुरावा आहे. खेळाडू पिवळी प्यादी मालगाडीच्या डब्यांत भरतात आणि गाडी पुढे नेण्यासाठी चढाओढ करतात. गाडी पोहोचली की मुक्कामाचे पत्ते उलटले जातात आणि त्यांवर ऑशविट्झसारख्या मृत्युछावण्यांची नावे निघतात. नियम पाळत आपण काय करत होतो, हे खेळाडूला तेव्हा कळते. हे त्याला व्याख्यानातून इतके जवळून कळले नसते.

पूर्वपक्ष : पण त्या पत्त्यावर खरे नाव असते. नाव घ्यायचे तर सरळ घ्यावे, नाहीतर विषयाला हात लावू नये. एल्फांच्या आड लपणे ही पळवाट आहे.

उत्तरपक्ष : नाव घेतले की माणूस आधी आपली बाजू शोधतो आणि मग ऐकतो. नाव नसले तर त्याला आधी माणसे भेटतात. ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’मध्ये (२००९) शहरी एल्फ निवडणारा खेळाडू भिंतीआडच्या वस्तीत राहतो. तिथे त्याच्या लग्नाच्या दिवशीच सरदाराचा मुलगा येतो आणि बायकांना उचलून नेतो. १५१६ साली व्हेनिसने ज्यूंसाठी आखलेल्या आणि रात्री दारे बंद होणाऱ्या घेटोची आठवण इथे होते, आणि खेळाडू भिंतीच्या आतल्या बाजूला असतो.

यानंतर पूर्वपक्ष आपला सर्वांत भारी आक्षेप मांडतो.

पूर्वपक्ष : पोलंडमधल्या किएल्त्से शहरात जुलै १९४६ मध्ये एक लहान मुलगा घरातून नाहीसा झाला. तो बाहेरगावी ओळखीच्यांकडे गेला होता. परतल्यावर मात्र, प्लांटी रस्त्यावर सात क्रमांकाच्या घरात ज्यूंनी आपल्याला तळघरात डांबले होते, असे त्याने सांगितले. ४ जुलैला पोलीस आणि सैनिक त्या घरी पोहोचले, बाहेर जमाव जमला आणि या सर्वांच्या हातून ४२ ज्यू मारले गेले. महायुद्ध संपून वर्ष उलटले होते. छळछावण्यांतून वाचलेली माणसे त्या घरात राहत होती. आणि त्या घराला तळघरच नव्हते. आता फँटसी काय करते ते पाहा. तिच्यातला जादूगार हातातून खरोखर आग काढतो, रक्तपिपासू खरोखर रक्त पितो. म्हणजे जमावाची भीती खरी ठरते. इतिहासात जे धडधडीत खोटे होते, त्याला रूपकामुळे पाया मिळतो.

उत्तरपक्ष : हा दोष खरा आहे. जादूगाराच्या रूपकाने छळाचे दुःख सांगता येते, पण छळाचे कारण चुकीचे सांगितले जाते. नोविग्राडचा पुढचा भाग मात्र या दोषातून सुटतो. शिकारी ज्यांच्याकडे नंतर वळतात त्यांच्यात शिंपी आहे आणि तलवारी घडवायचे सोडून डंपलिंगचे दुकान चालवणारा एल्फ कारागीर आहे. त्यांच्याकडे ना जादू आहे, ना कसली धमकी. गुन्हेगार संपले तरी द्वेष संपत नाही, तो नवे गुन्हेगार नेमतो, हे तिथे दिसते.

सिद्धान्त : फँटसी गेमने खऱ्या अत्याचारांकडे बोट दाखवावे, पण तीन अटींवर. पहिली अट बक्षिसाची : कत्तल हे गुण कमावण्याचे साधन होऊ नये. दुसरी माणसांची : मरणाऱ्याला मरणाआधी नाव, घर आणि धंदा असावा, केवळ प्रेतांचा देखावा नको. तिसरी आणि निर्णायक अट खोट्याची : अफवा कथेतही अफवाच राहिली पाहिजे. पहिल्या दोन अटी पाळूनही तिसरी मोडली, तर तो गेम नकळत जमावाच्या बाजूने साक्ष देतो. म्हणून गेम घडवणाऱ्यांनी आणि खेळणाऱ्यांनी एकच कसोटी हाताशी ठेवावी. खेळाडूला त्या घरात शिरून तळघर नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येत असेल, तर तो संदर्भ असावा. तळघर सापडत असेल, तर नसावा.