तारणाऱ्याचे वेतन

जो वेतन घेऊन परक्याचा प्राण वाचवितो, त्याच्या कृत्याला धर्मकृत्य म्हणावे की निव्वळ चाकरी, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाही; कारण पुण्याचा वास निरपेक्षतेत असतो आणि मुशाहिरा हाती पडला की निरपेक्षता सरते, असे आपण मनोमन धरून चाललेलो असतो. मला ते मान्य नाही.

कापसाच्या गाठी आणि सुमारे 1,400 टन स्फोटके एकाच पोटात घेऊन आलेले ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत पेटले, तेव्हा बंबवाले त्याच्या धुमसत्या पोटात पाणी ओतीत राहिले. दुपारी चारच्या सुमारास स्फोट झाला आणि अग्निशमन दलातील 66 माणसे कामी आली. बंदरांत आगीसाठी पंप बसविलेल्या नावा असतात. ज्या पाण्यावर त्या तरंगतात तेच उपसून जळत्या जहाजावर मारतात. धक्क्यावरच्या बंबाला निदान माघारीची वाट असते, नावेला समोर आग आणि भोवती पाणी. अशा जागी मनुष्य उभा राहतो तो पगाराच्या आकड्याकडे पाहून, असे कोण म्हणेल?

मजुरीने पुण्य उणावते काय, हे देवळाकडेच पाहून ठरवावे. अंबरनाथचे शिवालय शके 982 मध्ये, म्हणजे 1060 साली, शिलाहार राजा मुम्मुणीच्या कारकिर्दीत उभे राहिले. पाथरवटांना मजुरी मिळालीच असणार. तरी पायऱ्या उतरून त्या अंधाऱ्या गाभाऱ्यात शिरणाऱ्या भाविकाच्या मनात तेवढ्यावरून किंतु येत नाही.

प्रतिपक्ष 27 जुलै 2019 चा दाखला देईल, आणि तो वजनदार आहे. उल्हास नदीचे पाणी लोहमार्गावर चढून बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस सुमारे 1,050 उतारूंसह अडकून पडली, तेव्हा चामटोलीचे ग्रामस्थ कोणाच्याही हुकमावाचून मदतीला धावले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या रबरी होड्या आल्या, नौदलाची पथके आली, आणि 9 गर्भवती स्त्रियांसह सारे सुखरूप बाहेर पडले. मग हुकमाने आलेल्या जवानापेक्षा आपण होऊन आलेला ग्रामस्थ श्रेष्ठ नव्हे काय?

त्या घटकेपुरता कदाचित असेलही. परंतु शेजारधर्म संकट डोळ्यांनी पाहून जागा होतो. होडीचे सांधे मात्र कोणीतरी भर उन्हाळ्यात तपासलेले असतात, इंजिन चालू करून पाहिलेले असते, दोर उन्हात वाळवून गुंडाळून ठेवलेला असतो, आणि तेही अद्याप न बुडालेल्या, नावगाव ठाऊक नसलेल्या माणसासाठी. अनोळखी जिवाशी आगाऊ केलेल्या या इमानात मला गीतेतला स्वधर्म दिसतो, आणि वेतन म्हणजे ते इमान बारमाही टिकावे म्हणून समाजाने केलेली तजवीज वाटते. हे पटत असेल तर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील नगरसंस्थांनी होडीवर, दोरखंडावर आणि रात्रपाळीच्या माणसांवर केलेला खर्च देवळाच्या जीर्णोद्धाराच्या पंक्तीला बसतो. तो मंजूर करून घेताना अंमलदारांनी संकोचण्याचे कारण नाही.