व्याधि आणि अपराध

माणसाच्या दुखण्याची वार्ता कानीं आली असतां त्याच्याविषयीं हळहळावें कीं त्याला बोल लावावा, हें आपण कशावरून ठरवितों? नीतिशास्त्राचा अध्यापक या नात्यानें हा प्रश्न मीं तीस वर्षें निरनिराळ्या रूपांनीं वर्गांत शिकविला. त्याचें उत्तर मला किती अपुरें ठाऊक होतें, हें मात्र यंदा माझ्या डाव्या पायानें मला शिकविलें. स्वतःच्या देहाची कथा चारचौघांपुढें मांडणें मला रुचत नाहीं; परंतु जो मुद्दा मांडावयाचा आहे तो या कथेवांचून अधांतरींच राहील, म्हणून वाचकांनीं ती थोडक्यांत ऐकून घ्यावी.

माझें वय छप्पन्न, उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन १२८ किलो. उंचीच्या मानानें वजन किती हें दाखविणारा जो देहभारांक, तो माझ्या बाबतींत ४५ च्या घरांत जातो. शिवाय मधुमेह आहे, आणि झोपेंत श्वास अडकण्याचा विकार आहे. अशा माणसानें जठरावरील शस्त्रक्रियेचा विचार करावा, हें मत नवें नाहीं. १९९१ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थांनीं भरविलेल्या तज्ज्ञपरिषदेनें त्यासाठीं ४० चा देहभारांक, किंवा ३५ चा देहभारांक व जोडीला गंभीर विकार, ही मर्यादा सांगितली; २०२२ सालीं शल्यवैद्यांच्या संस्थांनीं ती आणखी खालीं आणली. आहाराचे नियम, उपास, पहाटेचें फिरणें हे सर्व प्रयोग करून, प्रत्येक वेळीं दहा-बारा किलो उतरवून व पुन्हां पंधरा चढवून, अखेर मीं ती वाट पत्करली. जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग कापून काढावयाचा व उरलेल्याची केळ्याएवढी नळी ठेवावयाची, असें तिचें स्वरूप. जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत दिवस ठरला. त्यापूर्वीं यकृत थोडें आकसावें म्हणून दोन आठवडे बहुतांशीं पातळ आहार घ्यावयाचा होता.

तो सुरू होऊन चार दिवस झाले नाहींत तोंच डावी पोटरी सुजून तापली व पाऊल टेकवेना. तपासणींत मांडीच्या खोल शिरेंत रक्ताची गुठळी आढळली. अशी गुठळी सुटून हृदयाच्या उजव्या कप्प्यांवाटे फुप्फुसांत जाऊन अडकली तर माणूस घटकाभरांत जाऊं शकतो. ठरलेली शस्त्रक्रिया अर्थातच पुढें गेली. निदान तीन महिने रक्त गोठूं न देणारें औषध घेतल्याशिवाय तिचें नांव काढावयाचें नाहीं, असें डॉक्टरांनीं बजावलें.

शस्त्रक्रियेचा बेत घरच्यांपलीकडे कोणास ठाऊक नव्हता. ज्यांना ठाऊक होता त्यांत माझी थोरली बहीण. ती मे महिन्यांत म्हणाली होती, "पोट कापून घ्यायचें म्हणजे काय रे? तोंडाला वेळींच आवर घातला असतास तर ही पाळी आली असती का?" तीच अक्का गुठळीचें ऐकून धांवत आली, उशाशीं बसली आणि डोळे पुसून म्हणाली, "देवानें राखलें रे तुला! असें कांहीं होईल हें कुणाच्या ध्यानीं मनीं तरी होतें का?" महाविद्यालयांतील सहकारी फळें घेऊन आले, प्राचार्यांनीं रजेची चिंता करूं नका असा निरोप धाडला. आणि मी? हर्नियाची शस्त्रक्रिया आहे असें खोटेंच सांगून मीं जूनमधील रजा मागून ठेविली होती. आतां, सांगण्यास लाज वाटणार नाहीं असें एक खरें दुखणें मिळालें, याबद्दल प्राणांवरचें संकट असूनही मला क्षणभर बरेंच वाटलें! त्या क्षणाचा विचार मी तेव्हांपासून करीत आहें.

एकाच देहाच्या एका अवस्थेला व्याधि म्हणावयाचें आणि दुसरीला अपराध, ही वांटणी जुनी आहे. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिग्रंथाच्या तिसऱ्या भागांत तिचें सूत्र सांगितलें आहे. जन्मांधाला कोणी दोष देत नाहीं, पण मद्यपानानें दृष्टि गमावलेल्याला सर्व देतात. उपजत कुरूपाची निंदा होत नाहीं, पण व्यायामाच्या व निगेच्या अभावीं बिघडलेल्या देहाची होते. सारांश, जें आपल्या हातीं आहे त्याचाच दोष. आपल्याकडे चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायाचें नांवच 'अष्टौनिंदितीय' असें आहे. निंदित म्हणून गणलेल्या आठ प्रकारच्या देहांत अतिस्थूल हा एक. परंतु त्याच यादींत अतिकृश आहे, फार उंच व फार ठेंगणा आहे, फार गोरा व फार काळाही आहे. आणि अतिस्थौल्याचीं कारणें सांगतांना अतिभोजन, दिवसाची झोप व व्यायामाचा अभाव यांच्या पंक्तीला चरकानें बीजाचा स्वभावही बसविला आहे. आम्हीं त्या अध्यायांतील निंदा तेवढी लक्षांत ठेविली आणि बीज विसरलों. सॅम्युअल बटलरनें आपल्या १८७२ सालच्या 'एरेव्हॉन' या कादंबरींत असा देश कल्पिला आहे कीं जेथें आजाऱ्याला न्यायालयांत शिक्षा होते आणि अफरातफर करणाऱ्याच्या समाचाराला लोक जातात. वाचतांना हंसूं येतें. पण लठ्ठपणापुरते आपण सर्व त्याच देशाचे नागरिक आहोंत.

ॲरिस्टॉटलचें सूत्र मला अमान्य नाहीं. तें प्रामाणिकपणें लावून पाहावें, एवढेंच माझें म्हणणें. मे महिन्यांत परीक्षेच्या कामासाठीं नागपुरास गेलों होतों व रात्रीच्या बसनें पुण्यास परतलों. लांबच्या प्रवासांत मधून मधून उठावें, चार पावलें टाकावीं, निदान घोटे हलवीत राहावें, असें डॉक्टरांनीं आधींच सांगितलें होतें. मी खिडकीशीं रात्रभर बसून राहिलों. रक्ताची गति मंदावणें, शिरेच्या भिंतीस इजा होणें आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ति वाढणें, हीं गुठळीचीं तीन कारणें वैद्यकांत फिरखो या जर्मन शास्त्रज्ञाच्या नांवानें सांगितलीं जातात. स्थूल देहांत त्यांतील पहिल्यानें व तिसऱ्यानें आधींच ठाण मांडलेलें असतें. त्यांत त्या रात्रीची भर पडली. उठून चार पावलें टाकणें माझ्या हातीं होतें. उलट चरबीचें काय? माझे वडील असेच होते, आत्या अशाच होत्या. १९९९ सालीं जपानी संशोधकांना घ्रेलिन नांवाचा स्राव सांपडला. तो मुख्यतः जठरांत निर्माण होतो व मेंदूला भुकेची वर्दी देतो. आहार कमी करून वजन उतरविलें तर रक्तांतील त्याचें प्रमाण वाढतें, असें २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत आढळलें. म्हणजे मी जसजसा संयम करीं तसतशी माझी भूक वाढत जाई; आणि माझा सडपातळ शेजारी ज्याला आपला संयम म्हणे तो पुष्कळ अंशीं त्याच्या भुकेचाच सौम्यपणा असावा. तेव्हां सूत्र नीट लावलें तर गुठळींत माझा दोष अधिक ठरतो व चरबींत कमी. लोकांचा, आणि माझाही, न्याय नेमका उलटा होता.

संयमाविषयींही एक गोष्ट या काळांत ध्यानांत आली. मला प्रथम पोटाच्या कातडीखालीं इंजेक्शनें दिलीं व मग वॉर्फरिनच्या गोळ्या सुरू केल्या. या औषधाची कथा नवलाची आहे. १९३३ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन येथें कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाकडे एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठणारें रक्त घेऊन आला. नासलेला चारा खाऊन त्याचीं गुरें रक्तस्रावानें मरत होतीं. त्या शोधांतून पुढें वॉर्फरिन निघालें, तें १९४८ सालीं उंदरांचें विष म्हणून विकूं लागलें, आणि १९५४ पासून मोजक्या मात्रेनें माणसांचें औषध झालें. मात्रा वाढली तर रक्तस्राव, घटली तर गुठळी. म्हणून वरचेवर रक्त तपासून आय. एन. आर. नांवाचा अंक २ व ३ यांच्या दरम्यान राखावा लागतो, आणि मेथी-पालकासारख्या भाज्यांचें रोजचें प्रमाणही एकाएकीं बदलून चालत नाहीं. हें सर्व मीं तीन महिने एकही चूक न करतां पाळलें. ज्याच्या तोंडाला आवर नाहीं असें ठरलें होतें तोच मी घड्याळाच्या ठोक्याला गोळी घेत होतों! कारण उघड आहे. गोळीच्या आड कोणतीही भूक उभी नव्हती. समोर किती बळाचा प्रतिपक्षी उभा आहे हें पाहिल्याशिवाय कोणाच्या संयमाचें मोल ठरविणें अन्यायाचें होय.

येथें कोणी विचारील कीं दोषच काढून घेतला तर प्रयत्न कशाच्या बळावर टिकेल? हा आक्षेप पोकळ नाहीं. माझ्या तोंडांतील प्रत्येक घांस घ्रेलिननें भरविला असें म्हणणें म्हणजे स्वतःला माणूस न समजणें होय. परंतु दोष आणि जबाबदारी यांत भेद आहे. दोष मागें वळून 'कोणी केलें?' असें विचारतो. जबाबदारी पुढें पाहून 'आतां कोण करणार?' असें विचारते. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांत बीज आहे, भूक आहे, बैठा व्यवसाय आहे, सणावारांचीं ताटें आहेत, आणि मीही आहें. दुसऱ्याच्या उत्तरांत मी एकटा. शस्त्रक्रिया केली म्हणजे या जबाबदारींतून सुटका होते असेंही नाहीं. नंतर जन्मभर जीवनसत्त्वें घ्यावयाचीं, प्रत्येक घांस चावून खावयाचा, वेळोवेळीं रक्त तपासावयाचें, आणि इतकें करूनही वजन परत येण्याचा संभव उरतोच. संयमाला पाऊल टाकतां येईल एवढी वाट ती मोकळी करते, इतकेंच.

शिवाय दोष दिल्यानें प्रयत्न वाढतो हेंही खरें नव्हे. त्या रात्रीं मी कां उठलों नाहीं? डॉक्टरांची सूचना विसरलों नव्हतों. बस वाटेंत दोनदां थांबलीही. पण माझ्यासारख्याला बाहेर पडावयाचें तर शेजाऱ्याला उठावें लागतें, अरुंद वाटेंत दोन्ही बाजूंच्या माणसांना अंग चोरावें लागतें, आणि मागें कोणी तरी हळूच हंसतो. तें हंसूं टाळण्यासाठीं मी पाय लोंबकळत ठेवून बसलों. लोकांनीं ज्या गुठळीची एवढी कींव केली, तिच्या उत्पत्तींत अशा हंसण्याचाही वांटा होता.

हें म्हणतांना मी स्वतःला वगळीत नाहीं. वीसएक वर्षांपूर्वीं एक स्थूल विद्यार्थी तासाला उशिरा आला. बांकांमधून तो वाट काढीत असतां मी म्हणालों, "या, आपण आलांत म्हणजे वर्ग भरला." वर्ग खदखदून हंसला, मीही हंसलों. त्यानंतर तो मुलगा नेहमीं दाराजवळच्या बांकावर बसे, आणि पुढें येईनासाच झाला. तेव्हां मीही कांहीं सडपातळ नव्हतों. बहुधा म्हणूनच मला तो विनोद सुचला. वर्गाचें हंसूं माझ्याकडे वळण्यापूर्वीं मीं तें त्याच्याकडे वळविलें. त्याचें नांव मला आठवतें, पत्ता ठाऊक नाहीं.

असो. तीन महिने पुरे झाले आणि फेरतपासणींत गुठळी बहुतेक विरल्याचें दिसलें. वॉर्फरिन गुठळी विरघळवीत नाहीं; तिला वाढूं देत नाहीं, व विरघळविण्याचें काम देह आपलें आपण करतो. शस्त्रक्रियेंत नवी गुठळी होण्याचा धोका आहे, आणि वजन असेंच ठेवण्यांतही आहे. दोन्ही तोलून मीं पहिला पत्करला. गणपतींत अक्का उकडीच्या मोदकांचा डबा घेऊन आली व म्हणाली, "एकानें काय होतें?" मीं एक घेतला, दुसऱ्याला नको म्हटलें, आणि तिला सर्व समजावून सांगितलें. तिला पुरतें पटलें असें नाहीं. पण डबा तिनें झांकला.

दिवाळीपूर्वींचा दिवस ठरला आहे. रजेचा अर्ज या वेळीं नवा लिहिला व कारणाच्या जागीं 'लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेसाठीं' असें स्पष्ट लिहिलें. लिहितांना हात अडखळला, हें कबूल करतों. तो अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर जाईपर्यंत चार जण वाचतील, एखादा हंसेलही. त्याला माझी एवढीच विनंति राहील कीं उद्यां कोणी स्थूल माणूस बसमध्यें वा वर्गांत वाट मागत उभा राहिला, तर त्यानें मुकाट्यानें थोडें सरकून घ्यावें. तो निर्दोष आहे कीं नाहीं, हें त्यासाठीं ठरविण्याची गरज नाहीं.