आधी हात, मग मन

अमरावतीहून निघालं की थोड्याच वेळात वलगाव येतं आणि पेढी नदी लागते. 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला तो याच परिसरात. बाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत, कीर्तन रात्री. कीर्तनातही ते प्रश्न विचारत आणि समोरच्यांकडून उत्तर वदवून घेत. आधी काम, मग बोलणं, आणि बोलणंही विचारून. नैराश्यातून माणूस बाहेर काढायचा तर हाच क्रम धरावा लागतो, असं माझं ठाम मत झालं आहे.

आपल्याकडे क्रम उलटा असतो. झोप उडालेली, जेवणावरून मन उठलेलं, शेतात पाय वळत नाही, अशा माणसाला घरचे सांगतात, "मनाले लावून नको घेऊ बाप्पा, मन घट्ट कर." सांगणाऱ्याची माया खरी असते. पण जे घट्ट करायचं, तेच तर आजारी आहे! उत्साह आला की उठू, असं म्हणत तो पडून राहतो आणि पडून राहिल्याने उत्साह आणखी आटतो.

गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि 'संगथ' संस्थेने हा फेरा दुसऱ्या टोकाकडून तोडला. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या साध्या माणसांनी सहा ते आठ बैठकांत रुग्णाशी बोलायचं, सुटलेली कामं आठवायची आणि त्यातलं अगदी लहान काम ठरवून करायचं. बैलाला चारा टाकणं, ओट्यावर येऊन बसणं, बहिणीला फोन करणं, एवढंच. 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी अशा बैठका मिळालेल्या गटातले 64 टक्के रुग्ण आजारातून बाहेर होते, नेहमीच्या उपचारांच्या गटातले 39 टक्के. आणि हे रुग्ण किरकोळ उदासीचे नव्हते.

'विश्राम' हा उपक्रम तर अमरावती जिल्ह्यातल्याच 30 गावांतला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी बैठका घेतल्या, माणसं हेरली, समुपदेशकापर्यंत आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञापर्यंत नेली. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणारे 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. मोठीच झेप, तरीही चारांतले जवळजवळ तिघं बाहेरच राहिले.

समुपदेशनाने कापसाला भाव मिळत नाही, हे मला मान्य आहे. सावकार दारात उभा असताना नुसतं बोलून भागत नाही. पण कर्जमाफीनेही झोप परत येतेच असं नाही. आणि नवऱ्याने आत्महत्या केल्यावर कर्ज, लेकरं, वावर एकटीने ओढणाऱ्या बाईला तर पंचनामा संपला की कुणीच काही विचारत नाही. तिचं नैराश्य सरकारी कागदावर कुठेच चढत नाही, याचा मला संताप येतो.

औषधाबद्दलही घरच्यांनी एक ध्यानात ठेवावं. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा बरं वाटलं म्हणून, डॉक्टरांना न विचारता त्या सोडू नयेत.

तुमच्या घरात, गल्लीत असं कुणी असेल तर उपदेश बाजूला ठेवा, जवळ बसा. "जिवाचं काही बरंवाईट करावं वाटते का?" हे स्पष्ट विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस, विनामूल्य चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.