खेपांची वही

कारेगावच्या शिवारात, नगर रोडच्या फाट्यापासून दोन किलोमीटर आत एक वस्ती आहे, असं समजा. रस्ता मुरमाचा. पावसाळ्यात त्याची चाळण होते आणि उसाच्या ट्रॉल्या सुरू व्हायच्या आत वस्तीला तो वर्गणीतून भरून घ्यावा लागतो. या वर्गणीचा नियम जुना आणि सोपा होता. पंपावर वस्तीचं एकच खातं. महिनाअखेर ज्याने जितकं डिझेल-पेट्रोल नेलं, त्याने लिटरमागे दोन रुपये रस्त्याच्या डब्यात टाकायचे.

गुरुजींना या नियमाचा अभिमान होता. ते सांगत, ही मुकुंदराव जयकरांची युक्ती. १९२७ साली नेमलेल्या त्यांच्या समितीने सुचवलं, की पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा घ्या आणि ते रस्त्यांना द्या. १९२९ पासून तसा निधीही उभा राहिला. जास्त फिरेल तो जास्त इंधन जाळेल, म्हणून जास्त भरेल. वेगळा हिशेबनीस नको, नाक्यावर माणूस नको.

मग तात्यांच्या पोराने बॅटरीचा टेम्पो घेतला. रांजणगाव एमआयडीसीत तिन्ही शिफ्टला जेवणाचे डबे पोचवायचे, म्हणजे दिवसाला सहा-सात खेपा. डब्यात मात्र एक पैसा नाही, कारण पंपाशी त्याचा संबंधच उरला नव्हता. सरकारही विजेच्या गाड्यांना करात आणि काही मोठ्या रस्त्यांच्या टोलमध्ये सूट देतंच, त्यामुळे पोराला त्यात वावगं काही वाटेना.

काकूंना वाटलं. मारुतीच्या देवळात बैठक बसली तेव्हा त्या उभ्या राहिल्या. "वीज नसली की विहिरीवर माझं इंजिन चालतं, रानात रोटाव्हेटर चालतो. त्या डिझेलचे दोन रुपये मी इतकी वर्षं भरतेय. माझं इंजिन कधी फाट्यावर चहा प्यायला गेलंय का?"

बैठक हसली. मुद्दा मात्र बसला. गुरुजींचा पुतण्या न्यूझीलंडला असतो. त्याने कळवलं, की तिथे डिझेलवर रस्त्याचा करच नाही, कारण शेतातलं यंत्र रस्ता झिजवत नाही. डिझेलची गाडी असणाऱ्याने हजार-हजार किलोमीटर आगाऊ विकत घ्यायचे. १९७८ पासूनची ही रीत, आणि एप्रिल २०२४ पासून विजेच्या गाड्यांनाही तीच. आपल्याकडचं उदाहरण पोरानेच काढलं. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा मोटारीला किलोमीटरला १ रुपया ७३ पैसे दर होता. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटरचे नऊशे. "तसंच करा," तो म्हणाला, "मी भरतो." (पोरगं वाईट नव्हतं, त्याला कुणी विचारलंच नव्हतं.)

ठरलं, की खेपेप्रमाणे वर्गणी. फाट्यावरच्या चहावाल्याकडे वही दिली. कोण गेलं, कधी गेलं, कधी परतलं, सगळं त्याने लिहायचं. आठवड्याच्या आत वस्तीला कळलं, की कुणाची सून तीनदा शिरूरच्या कोर्टात गेली आणि कुणाचा मुलगा रात्रपाळी सांगून कुठे जातो. दोन घरांत बोलणं बंद झालं. सुनेने वही चहावाल्याच्या हातातून घेतली आणि बैठकीत आणून आपटली. "रस्त्याचा हिशेब मागितला होता, माझा नाही!" त्यानंतर वही गुरुजींकडे आली. ज्याने त्याने रोजच्या खेपा किती, एवढंच सांगायचं. कुठे ते कुणी विचारायचं नाही. लबाडी झालीच तर शेजारी डोळे मिटून बसलेले नसतात.

आकडे आले आणि सगळ्यांत कमी खेपा आबांच्या निघाल्या. आबा वस्तीचे वडीलधारे. वर्षातले चार महिने डबल ट्रॉली ऊस, एरवी गाडी जागेवरच. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

गुरुजी घुटमळले, पण बोलले. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून झीज मोजली होती. आसावरचा भार दुप्पट केला की झीज दुप्पट होत नाही, सुमारे सोळापट होते.

"म्हणजे पोराच्या डब्यांनी चरे पडत नाहीत," काकू म्हणाल्या.

"ट्रॉली अर्धी भरली तर खेपा दुप्पट होतील," आबा तडकले, "मग?"

गुरुजींनी पेन्सिल घेतली. "ट्रॉलीचं स्वतःचं वजन सोडून दिलं, तर खेपा दुप्पट, पण प्रत्येक खेपेची झीज सोळावा हिस्सा. एकूण झीज आठवा हिस्सा, आबा."

"आणि ड्रायव्हरची मजुरी, डिझेल? ते कोण देणार?"

याला गुरुजींकडे उत्तर नव्हतं. खरं तर कुणाकडेच नव्हतं. स्वस्त वाहतूक म्हणजे बऱ्याचदा रस्त्याच्या जिवावर केलेली वाहतूक, हे आबांना त्या पेन्सिलीच्या आधीही ठाऊक असावं. ते बराच वेळ आकड्यांकडे बघत बसले. मग म्हणाले, "ट्रॉली भरूनच जाईल. मुरमाचे टिपर मी टाकतो, किती लागतील ते सांगा. पण आधी काकूंचं नाव वहीतून काढा, मग माझं लिहा."

"नाव कशाला काढता?" काकू म्हणाल्या. "माझी स्कूटी रोज दुधाला डेअरीवर जाते. तेवढी एक खेप लिहा. इंजिनाची नको."